निर्देश राहून जातो

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या रेक्झिनच्या बांधणीचं एक बाड आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, 1997-98 मध्ये, मी केलेला वनस्पतिशास्त्राचा प्रकल्प. विषय होता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या दोन गावांत पावसाळ्यात उगवणारी रोयण अळमी, म्हणजे वारुळावरची अळंबी. 64 पानं, डिंकाने चिकटवलेले 12 फोटो, आणि तिसऱ्या पानावर ऋणनिर्देश. त्यात प्राचार्य आहेत, विभागप्रमुख आहेत, मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, आई-बाबा आहेत, देवही आहे. मूळ इंग्रजीतली शेवटची ओळ मराठीत सांगायची तर अशी: ‘ज्या स्थानिक लोकांनी मदत केली, त्यांचेही आभार.’

ते स्थानिक लोक म्हणजे एक बाई होती.

आता मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी जानेवारीत मुलांच्या प्रकल्पांचा गठ्ठा टेबलावर येतो, आणि मी पहिल्यांदा तिसरं पान उघडते. विषय, आकृत्या, निष्कर्ष नंतर. बहुतेक वेळा मला माझंच पान सापडतं. तोच क्रम, तीच हुद्द्यांची उतरंड, आणि शेवटी ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष सहकार्य करणाऱ्या सर्वांचे’ या शब्दांत गुंडाळलेली खरी माणसं.

ऋणनिर्देश हा शब्द आपण किती सहज लिहितो. त्यातलं ऋण सगळ्यांना कळतं. देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण घेऊनच माणूस जन्माला येतो, हे लहानपणापासून कानावर असतं. पण निर्देश म्हणजे बोट दाखवणं. हे, इथलं, याने केलेलं. आपल्या अहवालांत ऋण भरपूर असतं, निर्देश राहून जातो. ‘सर्वांचे आभार’ म्हणताना हात जोडलेले असतात. जोडलेल्या हातांनी बोट दाखवता येत नाही.

त्या बाईंना मी मावशी म्हणायचे. आमचं घर डिचोलीला. कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी मी कदंबच्या बसने वाळपईला जायचे आणि तिथून मिळेल त्या वाहनाने पुढे. त्या वर्षी मिरग लागल्यापासून चतुर्थीपर्यंत मी अशा 19 खेपा केल्या. एकटीने गेले असते तर 19 वेळा भिजून रिकाम्या हाताने परत आले असते, यात मला शंका नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. रोयण म्हणजे वारूळ. गोव्यात ते नुसतं मातीचं ढेकूळ नाही, ती सातेरी देवी आहे. कितीतरी देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच असतं. या रोयणीत राहणारी वाळवी अन्न पचवण्याचं अर्धं काम एका बुरशीकडून करून घेते. कामकरी वाळव्या पालापाचोळा, लाकूड खाऊन आत आणतात, त्याची स्पंजासारखी पोळी रचतात आणि तिच्यावर बुरशी वाढवतात. टर्मिटोमायसिस हे त्या बुरशीच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव. ही भागीदारी सुमारे 3 कोटी वर्षांची आहे. पावसाळ्यात त्या पोळीपासून एक लांब मुळासारखा दांडा माती फोडत वर येतो आणि त्याच्यावर छत्री उघडते. आपण खातो ती ही छत्री. बटण अळंबीसारखी ही शेडमध्ये वाढवून विकता येत नाही, कारण तिला जिवंत वारूळ लागतं. म्हणून पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधलेल्या अळम्यांच्या पुड्या दिसल्या की माणसं गाड्या थांबवतात आणि सांगितलेला भाव देतात.

मावशी विकायची नाही. घरापुरती आणायची, शेजारी द्यायची. पण तिला माहीत होतं. पहिल्या पावसानंतर एखाद्या संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्यांचे थवे दिव्याभोवती जमतात, तो दिवस ती लक्षात ठेवायची. कॅलेंडरवर खूण नाही, तोंडी हिशेब. ‘त्या रोयणीतून पाखरं अमुक दिवशी उडाली, आता इतके आठवडे थांब,’ असं ती सांगायची, आणि मी थांबायचे. छत्री काढताना ती दांडा मातीच्या वर मोडायची. उकरू द्यायची नाही. मी एकदा पूर्ण दांडा मोजायला हवा म्हणून खुरपं काढलं, तर तिने माझा हात धरला. शेवटी एका पडलेल्या, सोडलेल्या रोयणीच्या कडेने खणून मोजमाप केलं, तेही तिच्यासमोर. काही छत्र्या ती मुद्दाम ठेवायची. त्या पूर्ण उघडून, कडा फाटून, काळवंडून मातीत मिळेपर्यंत.

पुढे शिकताना कळलं की या बुरशीच्या बहुतेक जाती वाळवीच्या राणीबरोबर नव्या वारुळात जात नाहीत. नव्या वारुळातल्या पहिल्या कामकरी वाळव्या बाहेर पडतात आणि जमिनीवर सांडलेले बीजाणू आत नेतात. म्हणजे आधी पाखरं उडायची, मग नवी घरटी बसायची, मग त्यांच्यासाठी छत्र्या उघडून बीजाणू सांडायचे, असा तो क्रम. मावशीच्या तोंडी हिशेबात हा क्रम होता. बीजाणू हा शब्द नव्हता, एवढंच.

माझ्या बाडात पान 51 वर तिसरा निष्कर्ष आहे: पंखधारी वाळवी उडण्याचा काळ आणि छत्र्या उगवण्याचा काळ यांत ठरावीक अंतर आढळते. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्या निष्कर्षाचं विशेष कौतुक केलं. ‘हे तुला कसं सुचलं?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘निरीक्षणातून.’

खोटं नव्हतं ते. पण निरीक्षण कोणाचं, ते मी सांगितलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं की सांगितलं तर काम माझं राहणार नाही. वीस वर्षांच्या मुलीला वाटू शकतं तसं. आज माझ्या समोर बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर हीच भीती मला दिसते, म्हणून मला हा विषय सोडवत नाही.

त्याच बाडात आणखी एक माणूस बुडालेला आहे. आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, आम्ही त्यांना काका म्हणायचो. गोव्याच्या जुलैत अळमी वाळवून तर बघा. दुसऱ्या दिवशी बुळबुळीत, तिसऱ्या दिवशी अळ्या. माझे पहिले दोन खेपांचे नमुने असेच गेले. काकांनी चहाच्या खोक्याला आतून पत्रा मारला, 60 वॉटचा बल्ब लावला, वर जाळी ठेवली, आणि छत्र्या उभ्या चिरून पसरायला सांगितल्या. बीजाणूंचा ठसा कसा घ्यायचा तेही त्यांनीच दाखवलं: छत्री दांड्यापासून कापायची, अर्धी काळ्या आणि अर्धी पांढऱ्या कागदावर येईल अशी पालथी ठेवायची, वर काचेचा पेला झाकायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पेला उचलल्यावर कागदावर फिकट गुलाबी किरणांचं वर्तुळ उमटलेलं होतं. ते बघताना काका माझ्याइतकेच खूश झाले होते. आणि माझ्या अहवालात काय आहे? ‘नमुने वाळवण्यात आले. बीजाणूंचे ठसे घेण्यात आले.’

या ‘आले’ने फार घात केला आहे. नमुने गोळा करण्यात आले, मोजण्यात आले, ओळखण्यात आले. वाक्यातून माणूस काढला की ते शास्त्रीय होतं, अशी आमची समजूत करून देण्यात आली होती. (बघा, इथेही आलंच.) कर्मणी प्रयोगाला माझा विरोध नाही, पद्धत सांगताना तो सोयीचा असतो. पण ‘ओळखण्यात आले’ म्हटल्यावर कोणी ओळखले, हा प्रश्न शास्त्राचा आहे, सौजन्याचा नाही. जात ओळखणारा चुकला असेल तर पुढचं सगळं चुकतं. तो कोण होता हे माहीत असेल तर त्याला जाऊन विचारता येतं. माझ्या नमुन्यांपैकी तीन जाती पत्राने पाठवलेल्या छायाचित्रांवरून एका तज्ज्ञांनी ओळखल्या होत्या, उरलेल्या मी पुस्तक समोर ठेवून. अहवालात दोन्ही एकाच वाक्यात आहेत. आज मला स्वतःलाच कोणत्या तीन, ते सांगता येत नाही.

आमच्या गावच्या नाटकात असं कधी झालं नसतं. जत्रेतलं नाटक ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. पडदा उघडण्याआधी माइकवरून कोणीतरी खणखणीत आवाजात वाचायचा: दिग्दर्शन अमुक, नेपथ्य अमुक, रंगभूषा अमुक, पार्श्वसंगीत, प्रकाशयोजना. मग ज्याने जनरेटर दिला तो, ज्याच्या अंगणात तालमी झाल्या तो, ज्यांच्या घरून राणीचा शेला आणला त्या वहिनी. एक नाव राहिलं तर पुढचं वर्षभर ऐकून घ्यावं लागायचं. ‘सर्वांचे आभार’ म्हणून कोणाची सुटका नव्हती. काय केलं आणि कोणी केलं, ही जोडी तिथे फुटायची नाही. नाटकात राम झालेल्या मुलाला कधी वाटलं नाही की मुकुट करणाऱ्याचं नाव घेतलं तर त्याचा राम कमी होईल.

हल्ली मोठमोठी शास्त्रीय नियतकालिकं हेच करू लागली आहेत. लेखकांच्या नावांखाली कोणी कोणतं काम केलं, हे सांगणारी 14 भूमिकांची एक यादी वापरतात. कल्पना कोणाची, पद्धत कोणी आखली, साधनं कोणी पुरवली, निकाल पुन्हा तपासून कोणी पाहिले, पहिला खर्डा कोणी लिहिला. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत, त्या पुऱ्या न करणाऱ्यांचा ऋणनिर्देश करावा असं सांगितलं आहे. आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा समजली: ज्यांचे नाव घ्यायचं त्यांची लेखी परवानगी घ्यावी, असंही तिथे सुचवलं आहे. कारण नाव छापलं की वाचणाऱ्याला वाटतं, या माणसाला हे निष्कर्ष मान्य आहेत. या परवानगीकडे मी पुन्हा येणार आहे.

पणजीला चर्चसमोरच्या बागेत बसले की मला नेहमी अंतोनिया आठवते. बागेला नाव आहे गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. तो संवादांच्या रूपात आहे, आणि मोठमोठ्या विद्वानांच्या मतांची उलटतपासणी चालू असताना मधेच ऑर्ता हाक मारतो आणि अंतोनिया नावाची त्याची दासी हवी ती वस्तू आणून देते. आणते आणि जाते. तिला काय माहीत होतं, कुठून आणायची, झाड ओळखायची कशी, ते कोणी विचारत नाही. तरी नाव तरी आहे, असंही मी स्वतःला सांगते. माझ्या बाडात तेवढंही नव्हतं.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी कोचीला झालेलं काम मला जास्त जवळचं वाटतं. हेंड्रिक व्हान ऱ्हीड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले, सातशेहून अधिक वनस्पती. पहिल्या खंडात, पुस्तकाच्या दारातच म्हणा ना, माहिती देणाऱ्यांची साक्षीपत्रं छापली आहेत. एक इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचं. आणि एक रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचं. हे तिघे कोकणी. गोव्यातून तिकडे जाऊन वसलेल्या समाजातले. त्यांची साक्ष कोकणीत आहे आणि देवनागरीत कोरून छापली आहे. व्हान ऱ्हीडने त्यांच्या वतीने लॅटिनमध्ये चार गोड शब्द लिहिले असते तर कोणी काही म्हटलं नसतं. त्याने त्यांना त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच लिपीत बोलू दिलं.

त्या काळच्या राज्यकर्त्याचा हेतू शुद्ध होता असं मी म्हणत नाही. युरोपातल्या वाचकाला खात्री पटावी म्हणून साक्षीदार उभे केले, असंही असेल. मला तेही पुरतं. कारण त्यातून हे दिसतं की मदत करणाऱ्याची नोंद हा पुराव्याचाच भाग आहे. हे ज्ञान कुठून आलं याचा माग ठेवला, म्हणून ते तपासता येतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी बारावीतली एक विद्यार्थिनी शेवट्यांवर काम करत होती. शेवटो म्हणजे आपला खाजनातला, खाडीतला मासा, गोव्याच्या ताटातला जुना. बाजारात एकाच नावाने वेगवेगळ्या जाती विकल्या जातात का, हा तिचा प्रश्न. उत्तम प्रश्न होता. तिने म्हापसा, पणजी आणि मडगावच्या बाजारांतून 46 मासे आणले. पहाटे आजीबरोबर जायची. आजीला नुसत्या अंगावरून बोट फिरवून दोन प्रकार वेगळे करता यायचे, आणि मासळी विकणाऱ्या बाईला कोणता मासा कुठल्या पाण्यातला ते ठाऊक असायचं. मुलीने प्रत्येक माशाच्या अंगावरच्या एका ओळीतले खवले मोजले, दोनदा. डोळ्यावर मेदाची पारदर्शक झापड आहे की नाही, ते नोंदवलं. वहीला माशाचा वास यायचा आणि मला ती वही फार आवडायची.

मग एका नातलगाच्या ओळखीने एका संशोधन संस्थेत काही माशांचा डीएनए काढून मिळाला. ओळख पटवण्यासाठी वापरतात तो सुमारे 650 अक्षरांचा जनुकाचा तुकडा वाढवण्यात आला, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती केल्या गेल्या, आणि बाहेरून पैसे देऊन त्याचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचणं, झालं. प्रदर्शनाच्या फलकावर मधोमध जेलचा, म्हणजे ज्यात डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात त्या थराचा, मोठा चकाकता फोटो आला. शीर्षक, ‘डीएनएद्वारे ओळख’. खवल्यांचं कोष्टक जागा नाही म्हणून काढलं. ऋणनिर्देशात मी, प्राचार्य आणि पालक. संस्थेचं नाव नाही, कारण घरच्यांनी सांगितलं होतं की बाहेरून करून घेतलं असं दिसलं तर गुण कापतात. मला फलक आदल्या संध्याकाळी दिसला आणि मी तो तसाच जाऊ दिला. ती चूक माझी आहे.

परीक्षकांनी जेलकडे बोट दाखवलं आणि विचारलं, ‘हे तू केलंस?’ ती हो म्हणाली. ‘मग या पट्ट्यांच्या शेजारी ही शिडीसारखी रांग कशासाठी?’ तिला येईना. तिने ते यंत्र चालवलं नव्हतं, दोन दिवस बाजूला उभं राहून पाहिलं होतं. परीक्षक रागावले नाहीत, पण त्यांचा विश्वास गेला, आणि विश्वास गेल्यावर कोणी खवल्यांबद्दल विचारत नाही. 46 मासे, 92 मोजण्या, आजीचं बोट, पहाटेचे बाजार, कशाकशाबद्दल कोणी विचारलं नाही. बाहेरची मदत झाकायला जे कापड घातलं, त्याच्याखाली तिचं स्वतःचंच काम गेलं.

घरी येऊन ती खूप रडली. मला काय बोलावं कळत नव्हतं, कारण मला पान 51 दिसत होतं.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका प्रदर्शनासाठी आम्ही तो फलक पुन्हा केला. मधोमध खवल्यांचं कोष्टक. खाली चार ओळी, तिनेच लिहिलेल्या. डीएनए काढणं आणि वाढवणं: संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत, तिथल्या संशोधकाने केलं, मी दोन दिवस उपस्थित होते. सिक्वेन्सिंग: शुल्क देऊन खासगी प्रयोगशाळेतून. माशांचे दोन प्रकार स्पर्शाने वेगळे करण्याची पद्धत: माझ्या आजीची. मासे आणणं, मोजणं, कोष्टक आणि तुलना: मी. संशोधकाला आम्ही मजकूर आधी दाखवला. त्यांनी एक शब्द बदलला. ‘उपस्थित होते’च्या जागी ‘नोंदी ठेवल्या’ लिही म्हणाले, कारण तिने खरंच त्या दोन दिवसांच्या नोंदी ठेवल्या होत्या. म्हणजे ज्याने मदत केली त्यानेच तिचा वाटा वाढवून दिला.

आयसेफ या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत ही सोय नियमातच आहे. विद्यार्थ्याने संशोधन संस्थेत काम केलं असेल तर तिथल्या देखरेख करणाऱ्या शास्त्रज्ञाला एक वेगळा फॉर्म भरावा लागतो, त्यात विद्यार्थ्याने स्वतः काय केलं ते त्याने सांगायचं. पहिल्यांदा तो फॉर्म वाचला तेव्हा मला रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट आठवले. मदत करणाऱ्याच्या हातचं पत्र.

त्यानंतर मी वर्गात एक पद्धत पाडली. नोंदवहीत तारखेच्या शेजारी एक रकाना, ‘सोबत कोण’. रोज भरायचा. आईने डबा दिला तर तो त्यात लिहायचा नाही, त्याचे आभार घरी मानायचे आणि मनापासून मानायचे. पण आईने पीएच पट्टीचा रंग बघून ‘हा सहा वाटतो’ म्हटलं असेल तर लिहायचं, कारण मग तो आकडा आईचा आहे. आभार आणि श्रेय यांतला फरक मुलांना एवढ्यावरून पटकन कळतो. मोठ्यांना वेळ लागतो. हुद्द्याप्रमाणे क्रम लावू नका म्हटल्यावर काही जणांना वाईटही वाटलं. मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. माझं स्वतःचं नावसुद्धा मी मुलांना जे केलं तेवढ्यासाठीच लिहायला सांगते.

हे सगळं मुलांना सांगताना ते निळं बाड मला गप्प बसू देत नव्हतं. गेल्या श्रावणात मी ते पिशवीत घालून सत्तरीत गेले. मधल्या काळात मावशीला दोन-तीनदा भेटले होते, लग्नाकार्यात, जत्रेत, पण हा विषय काढला नव्हता.

ती पडवीत बसून भिकणां, म्हणजे फणसाच्या आठळ्या, सोलत होती. बाजूला तिची जाऊ. केस पांढरे झालेत, हात तेच. मी पानं उलटून फोटो दाखवले, मग पान 51 वाचून दाखवलं, मराठीत, सावकाश. परीक्षकांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले, तेही सांगितलं. म्हटलं, आता या बाडात एक पान घालायचंय, तुझ्या नावाचं. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या प्रतीतही.

“माजें नांव कित्याक गो बाय?” ती म्हणाली. माझं नाव कशाला? मग जावेकडे पाहून म्हणाली, पाखरांचा हिशेब हिचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला काय ठाऊक, मला हिनेच शिकवलं. लिहायचं तर हिचं आधी.

सव्वीस-सत्तावीस वर्षं मी ज्या बाईचं नाव राहिलं म्हणून हळहळत होते, ते लिहिलं असतं तरी अपुरंच झालं असतं. मी विचारलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिने आवाज खाली करून सांगितली. जागेचं नाव लिहू नकोस. 1997 मध्ये आम्ही ज्या रानात फिरलो, त्याच्या आसपासचं बरंच जंगल 1999 मध्ये म्हादई अभयारण्यात गेलं. अभयारण्यातली अळमी काढायला मनाई आहे, आणि दर पावसाळ्यात वनखातं तशी सूचना काढतं. शिवाय जागा कळली की बाहेरचे लोक येतात, रोयण फोडून न उघडलेल्या कळ्यांसकट सगळं घेऊन जातात. ‘आमची नावं लिही, रोयणीचा पत्ता नको,’ असं दोघींचं ठरलं. नावं फक्त त्या बाडात, दुसरीकडे कुठे नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून इथे मी ती लिहिलेली नाहीत.

मग काय लिहायचं ते त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले, त्यांच्या बोलीत, जसंच्या तसं. पाखरं, आठवडे, दांडा कुठे मोडायचा, किती ठेवायच्या. मधे एका ठिकाणी मी बाडातला हाताने काढलेला नकाशा उघडला. त्यात 1 ते 7 आकडे आहेत, सात रोयणींचे. खाली ‘स्थानिकांच्या मदतीने शोधलेल्या’ असं एकत्र लिहिलेलं. मी म्हटलं, या सातही तुम्ही दाखवलेल्या, तसं लिहिते.

मावशीने नकाशा मांडीवर घेतला. ओहोळ कुठे, कुळागर कुठे, ते विचारून घेतलं. बोटाने एकेक आकडा मोजला आणि मान हलवली. पाचच आम्ही दाखवल्या. कुळागराच्या बांधाखालची आणि ओहोळापलीकडची, त्या तुला मिळाल्या होत्या. पाऊस लागला होता, तू ओरडत आली होतीस मला बोलवायला. “त्यो दोन तुज्यो.”

मला काही आठवत नव्हतं. ‘मदतीने’ या एका शब्दाखाली त्याही मी घालून ठेवल्या होत्या.

मी पेन काढलं आणि 3 आणि 6 या आकड्यांपुढे माझं नाव लिहिलं. उरलेल्या पाचांपैकी कोणत्या मावशीच्या आणि कोणत्या जावेच्या, याबद्दल दोघींचं एकमत होईना. पाचवी नक्की कोणी पहिल्यांदा पाहिली, ते ठरायला वेळ लागणार असं दिसलं, तेव्हा मी ती जागा मोकळी ठेवली आणि भिकणां सोलायला बसले.